खुडूकच्या पोटातली राखीव जागा

सोळाव्या दिवशी सकाळी खुडूक खोटं बोलायला लागली.

खुडूक म्हणजे कोंबडी नव्हे, पेटी. कपाटाएवढी, लाकडी, आत चार ट्रेंमध्ये साडेचारशे अंडी, तळाशी तापणारी तार, वर पंखा, छताला हवेची भोकं आणि बाजूला पट्टीवर खिळलेला तळहाताएवढा संगणक. तार कधी तापवायची, कधी निववायची, ट्रे कधी कलता करायचा, हे सगळं तो ठरवायचा. त्याच्या कडेला नखाएवढं मेमरी कार्ड खोचलेलं असे. पेटीची सगळी अक्कल त्या नखात. एकवीस दिवस अंड्यांवरून न उठणाऱ्या कोंबडीला जे नाव, तेच सासूबाईंनी पेटीला दिलं होतं. घर चालायचं ते खुडूकच्या पिल्लांवर, म्हणून घरात तिचा मान सासूबाईंच्या खालोखाल आणि मुलाच्या बराच वर.

धाकटी सकाळी चहाचा कप घेऊन पेटीपाशी आली, तेव्हा पडद्यावर आकडा होता साडेसदतीस. तो काल संध्याकाळीही साडेसदतीस होता. आत ठेवलेल्या काचेच्या थर्मामीटरमध्ये पारा मात्र छत्तीसावर येऊन बसला होता.

"अगं बाई," धाकटी पेटीला म्हणाली, "तोंडावर हसू आणि पोटात थंडी?"

तिला सगळे धाकटी म्हणत. थोरली सून कुणी नव्हतीच, कारण थोरल्या मुलाने लग्न केलं नव्हतं. पण धाकट्याची बायको ती धाकटी, एवढा साधा हिशोब. आणि पेटीचं काही बिघडलं तर बघायचं तिनेच, कारण खुडूक ज्याने बांधली तो थोरला दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता.

गेला होता म्हणजे रस्ता ओलांडून. समोरच त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. पंखे, रेडिओ, इस्त्र्या. या घराच्या खिडकीतून त्याचं टक्कल दिसायचं आणि त्याच्या दुकानातून या घरातले दोरीवरचे कपडे. पण दोन भावांत अबोला होता, आणि अबोल्याला रस्त्याची रुंदी कमी पडत नाही.

कारण एवढंसं. दोन वर्षांपूर्वी कडाक्याच्या थंडीत एक अख्खी खेप आतल्या आत उकडून गेली. साडेचारशे अंड्यांतून एक चोच बाहेर आली नाही. जेवताना धाकटा म्हणाला, "दादा, तुझ्या यंत्राने अंडी उबवली नाहीत, शिजवली."  थोरल्याने ताट सरकवलं, दुपारभर पेटीपाशी काहीतरी करत बसला आणि संध्याकाळी आपली हत्यारांची पेटी घेऊन निघाला. दारात धाकटी उभी होती. तिला यंत्राचं सगळं त्यानेच शिकवलं होतं. तो म्हणाला, "काही अडलं तर सांग." आणि ती, नवऱ्याची बाजू घ्यायची म्हणून, म्हणाली, "आता मला येतं सगळं, भाऊजी. तुमच्यावाचून अडणार नाही."

तेव्हापासून खरंच अडलं नव्हतं. निरोप असले तर सासूबाई रस्ता ओलांडायच्या. एका घरची आमटी दुसरीकडे, दुसरीकडचे टोमणे इकडे.

धाकटीने कार्ड काढलं. पडदा गोठला तो म्हातारं कार्ड दमल्यामुळे, हे तिला ठाऊक होतं. कसं काढलं, तर उपटून. चालू पेटीतून, पडदा तसाच साडेसदतीस म्हणत असताना. पेटीवर थोरल्याच्या हातची पुठ्ठ्याची पाटी दोरीने टांगलेली होती, लाल शाईत: "बंद करू नये." या घरात ती पाटी वेदवाक्य होती. वीज गेली तरी सासूबाई आधी पाटीकडे बघून "आम्ही नाही हो केलं" म्हणायच्या. बंद करायची सोय नाही म्हटल्यावर चालत्या गाडीचं चाक काढावं तसं धाकटीने कार्ड काढलं.

आता तार कोण तापवणार? संगणकाचा मेंदूच बाहेर. धाकटीने तारेला साधं बटण जोडलं आणि सासूबाईंना पेटीपुढे पाटावर बसवलं.

"आई, पारा साडेसदतीसच्या वर गेला की बटण बंद. खाली आला की चालू. बाकी काही करायचं नाही."

"मला शिकवतेस?" सासूबाई म्हणाल्या. अंगावरची शाल सावरत त्या बसल्या. "या पेटीच्या आधी तीस वर्षं मी हाताने अंडी फिरवली. एकेकावर पेन्सिलीने फुली. फुली वर, फुली खाली. तेव्हा तुझा नवरा स्वतःच अंड्यासारखा होता. कुठेही ठेवलं की गडगडायचा."

धाकटा पेटीमागून म्हणाला, "आई, मी इथेच आहे."

"म्हणून तर सांगतेय."

आणि त्या पारा बघत गुणगुणायला लागल्या:

*ऊब देते माझी माय, तिला झोप नाही ठावी,*
*कवचाच्या आत बाळा, तुला हाक ऐकू यावी.*

धाकटी लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलावर बसली. बेत सरळ होता. म्हाताऱ्या कार्डाची हुबेहूब नक्कल लॅपटॉपवर उतरवायची आणि ती नक्कल नव्या कार्डावर ओतायची. कार्ड मरू दे, अक्कल जगली पाहिजे. धाकट्याला तिने नवं कार्ड आणायला पिटाळलं. समोर, भावाच्या दुकानात, काचेमागे मेमरी कार्डं माळेसारखी टांगलेली होती. धाकटा त्या काचेवरून मान ताठ ठेवून गेला, चार चौक ओलांडले, बाजारातल्या शेवटच्या दुकानातून कार्ड आणलं आणि घाम पुसत म्हणाला, "चौसष्ट जीबीचं. जुनंही चौसष्टचंच. होय ना?"

"होय."

नक्कल उतरायला दीड तास लागला. म्हाताऱ्या माणसाने आठवणी सांगाव्यात तसं कार्ड अडखळत, थांबत, मधेच त्याच जागी परत येत सांगत होतं. पण सांगितलं सगळं. मग धाकटीने नवं कार्ड लावलं आणि नक्कल त्यावर ओतायला घेतली. नव्व्याण्णव टक्के झाले. ती उठून पाणी प्यायला गेली. परत आली तर पडद्यावर ओळ:

जागा शिल्लक नाही.

"चौसष्टात चौसष्ट मावत नाही?" धाकटा म्हणाला.

"दोन्हींवर चौसष्टच लिहिलंय. पण हे नखाच्या कोरीएवढं लहान आहे."

"मग कोरीएवढंच सोडून दे."

"कोणती कोर? शेवटाला काय आहे कुणाला ठाऊक? तुमच्या सदऱ्याची बाही सोडून दिली तर चालेल?"

तर नक्कलच आटवायला हवी होती. दूध आटवतो तसं: भांड्यात रिकामं असेल ते काढायचं, सत्त्व तेवढं ठेवायचं. त्यासाठी एक छोटा प्रोग्राम असतो, तो धाकटीला माहीत होता. तिने तो चालवला. तो दोन ओळी चालला आणि बसला.

फाइल सिस्टिममध्ये चुका आहेत. आधी तपासणी करा.

धाकटीने कपाळावर हात मारला. चालत्या पेटीतून कार्ड उपटलं होतं. मधेच वाक्य तोडलेल्या माणसासारखं ते झालं होतं: अर्धे शब्द बाहेर, अर्धे घशात. तिने तपासणी लावली. एकेक चूक समोर यायची, दुरुस्त करू का म्हणून विचारायची, आणि धाकटी "हो" दाबायची. पन्नासेक हो झाले. लग्नातही तिने एवढे म्हटले नव्हते.

"झालं?" धाकट्याने विचारलं.

"आता निवळलं. आता आटेल."

आटलं नाही. आता प्रोग्राम वेगळंच म्हणाला. याहून लहान करता येत नाही. भांडं काठोकाठ भरलंय.

धाकटी थबकली. ज्या पेटीला दिवसभरात करायचं काय, तर पारा बघ, तार तापव आणि ट्रे हलव, तिच्या पोटात चौसष्ट भरेल एवढं आहे तरी काय? तिने नक्कल उघडून आत डोकावलं. पेटीचा कारभार होता सहा-सात. दोन वर्षांच्या पाऱ्याच्या नोंदी होत्या एक-दोन. आणि उरलेलं सगळं, पंचावन्नच्या आसपास, एकच फाइल. नाव: राखीव. तारीख बघितली आणि तिने ती पुन्हा एकदा बघितली. ज्या संध्याकाळी थोरला घरातून गेला, त्याच दुपारची ती तारीख होती.

"उघड," धाकटा म्हणाला.

तिने उघडायचा प्रयत्न केला. चित्रांच्या प्रोग्रामने नाकारलं, आवाजाच्या प्रोग्रामने नाकारलं. कशातच उघडेना.

"मला कळलं," धाकटा म्हणाला. चेहरा पडला होता. "पुरावा आहे. त्या खेपेचा. माझ्यावर ढकलायला ठेवलाय. मी तेव्हा पेटीशेजारी हीटर लावून बसायचो ना, त्याची सगळी नोंद असणार."

"पंचावन्न भरेल एवढी?"

"दादाची नोंद आहे ती. शाळेत असताना मी किती गोळ्या चोरल्या, त्याचीसुद्धा तारीखवार वही होती त्याच्याकडे."

पाटावरून सासूबाईंचा आवाज आला. "गाणी असतील रे. त्याला माझी गाणी भरून ठेवायची होती. मी म्हणायचे, नंतर, नंतर. माझ्या नकळत भरली असतील पोराने." आणि त्या जास्तच सुरात गायला लागल्या, उरलंसुरलं राहून गेलं असेल तर भरून घ्यावं म्हणून.

धाकटीला दोन्ही पटेना, आणि पुसून टाकायचं धाडसही होईना. समोर बटण होतं. एक दाबलं की पंचावन्न मोकळे, नक्कल आटेल, नव्या कार्डावर बसेल, खुडूक उभी राहील. न दाबलं तर पाटावरची म्हातारी पाच दिवस पाच रात्री बटण धरून बसणार, एखाद्या क्षणी तिचा डोळा लागणार, आणि साडेचारशे जीव थंड पडणार. किंवा शिजणार. मागच्यासारखे.

"पुसू नकोस हं," धाकटा म्हणाला. "उद्या म्हणेल, माझं होतं ते पुसलं. एवढ्यावरून बोलत नाही. मग तर मयतालाही येणार नाही."

"मग विचारून या."

"मी?"

"भाऊ तुमचा."

"आईला पाठवू."

दोघांनी पाटाकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा निरोप होता आणि निरोप्या मोकळा नव्हता. सासूबाईंचं एक बोट बटणावर, एक डोळा पाऱ्यावर, आणि दुसऱ्या हाताने ट्रेमधलं एकेक अंडं फुली मारून पालथं करणं चालू. त्यांना उठवलं तर जागेवर कुणीतरी बसायला हवं, आणि धाकटा बटणापाशी बसला की काय होतं हे घराला ठाऊक होतं: त्याने दूध तापवताना तीनदा स्वयंपाकघर पेटवलं होतं.

"तू जा," धाकटा म्हणाला. "तुझं काय जातं?"

धाकटीचं काय जातं ते धाकटीलाच माहीत होतं. *तुमच्यावाचून अडणार नाही.* शब्द उंबऱ्यावर अजून तसेच पडले होते. केर काढताना रोज ती त्यांना वळसा घालायची. ती उठली, लॅपटॉप छातीशी धरला आणि रस्ता ओलांडला. पंधरा पावलं. दोन वर्षं.

थोरला एका रेडिओच्या पोटात सोल्डर करत होता. वर न बघता म्हणाला, "काय शिष्योत्तम. अडलं?"

"नाही," धाकटी म्हणाली. मग एक श्वास घेतला. "हो."

तिने लॅपटॉप समोर ठेवला. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. "राखीव" दिसल्यावर हसला. फार नाही, एका कोपऱ्यातून.

"यात काय आहे, भाऊजी?"

"काही नाही."

"पंचावन्न भरून काही नाही?"

"शून्यं. नुसती शून्यं भरलीत. कार्ड नोंदींनी तुडुंब भरलं की यंत्र अडतं. मग घाबरगुंडी उडते, काय पुसू नि काय नको. म्हणून आधीच मोठी रिकामी फाइल करून ठेवायची. अडचणीच्या दिवशी ती पुसायची, श्वास घ्यायला जागा मिळते. मी नसणार होतो ना. म्हणून जास्तच मोठी केली." त्याने सोल्डरची तार सरळ केली. "पुसायलाच ठेवली होती. दोन वर्षं तुम्ही जपलीत?"

धाकटीला हसावं की रडावं कळेना. घरातल्या सगळ्यांचं त्या फाइलमध्ये आपापलं पाप आणि पुण्य भरून झालं होतं, आणि तिच्यात होतं ते फक्त पंचावन्नभर रिकामपण, तेही त्यांच्याचसाठी.

"सांगायचं तरी," ती म्हणाली.

"लिहून ठेवलंय. पाटीच्या मागे."

"पाटीच्या मागे?"

"पुढे 'बंद करू नये'. मागे 'बंद करायचं झालं तर'. कार्ड कसं काढायचं, राखीव कशाला आहे, सगळं. कुणी पाटी उलटलीच नाही?"

कुणी उलटली नव्हती. वेदवाक्य उलटून कोण बघतं?

ती निघणार, तोच त्याने विचारलं, "आता तार कोण सांभाळतंय?"

"आई. बटण धरून बसल्यात."

सोल्डरिंगची तापती सळई हवेतच थांबली. "एकटी?"

"हे आहेत घरात. पण पेटीपाशी आईच."

"शाल आहे अंगावर?"

"आहे. का?"

थोरल्याने रेडिओकडे बघितलं, मग रस्त्यापलीकडच्या घराकडे. "मग लवकर जा," तो म्हणाला. "आणि आईला रागावू नकोस."

धाकटी काही न समजून धावली. घरात पाऊल टाकलं आणि समजलं. पाटावर सासूबाई, मांडीवर रिकामे हात, अंगावर नुसतं लुगडं. आणि त्यांची शाल खुडूकवर: छानपैकी दुहेरी घडी करून, छतावर, बरोबर हवेच्या भोकांवर. तार बंद होती. पारा एकोणचाळीसावर होता आणि वर चढत होता.

तिने शाल ओढून काढली, पेटीचं दार सताड उघडलं, पुठ्ठ्याने वारा घालायला घेतला. पारा एकोणचाळीसावर थबकला, विचार केला, आणि उतरायला लागला. धाकटीने एक अंडं कानाशी धरलं. आतून, नखाने पाटी खरवडावी तसं, अगदी हलकं काहीतरी हललं.

"काय गं झालं?" सासूबाई म्हणाल्या. "मी बटण बंद केलं होतं. म्हटलं, आता तिला थंडी वाजेल."

"आई, तिला शाल सोसत नाही. तिचा श्वास कोंडतो."

"मला कुणी सांगितलं नाही तसं. मागे त्या कडाक्यात रात्रभर घालायचे, सकाळी तुम्ही उठायच्या आत काढायचे. तेव्हा कुणी काही बोललं नाही."

धाकटीच्या हातातला पुठ्ठा थांबला. मग ती पुन्हा वारा घालायला लागली, जरा हळू.

समोरच्या थोरल्याला हे माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी, त्या दुपारी, पेटीपाशी बसून त्याने नोंदी वाचल्या असणार: रोज रात्री ठरल्या वेळी चढणारा पारा, रोज पहाटे ठरल्या वेळी उतरणारा. तार बिघडली की पारा असा घड्याळ लावून चढत नाही. शालच तशी चढते. त्याने नोंदी मिटल्या, फाइलमध्ये शून्यं भरली आणि रस्ता ओलांडून गेला. आणि जिच्यासाठी गेला ती रोज त्याच्याकडे आमटी घेऊन जात होती आणि त्याला समजावत होती, की बाबा रे, चूक झाली असेल तर माणसाने कबूल करावी.

धाकटीने "राखीव" पुसली. एक ओळ, एक बटण. तिसऱ्यांदा प्रोग्राम चालवला, तो या वेळी बिनतक्रार आटवत गेला: चौसष्टावरून उतरत उतरत जेमतेम आठावर. नव्या कार्डावर नक्कल बसली आणि वर माळरान मोकळं उरलं. कार्ड खोचलं, पंखा फिरला, पडद्यावर खरा आकडा आला. अडतीस पूर्णांक एक. मग सदतीस पूर्णांक नऊ. खुडूक खरं बोलायला लागली होती, म्हणून आता तिच्याकडे बघताना भीती वाटत होती.

मग धाकटीने नव्या कार्डावर एक रिकामी फाइल केली. लहानशी, पाचाची. नाव दिलं "राखीव". आणि पाटी दोरीवरून काढून उलटली. मागे थोरल्याचं अक्षर, बारीक, नीटस, वर शीर्षकासकट. ती सगळं वाचून गेली. शेवटी थोडी जागा उरली होती, तिथे लाल शाईत तिने एक ओळ लिहिली, आणि पाटी पुन्हा टांगली. मागची बाजू पुढे करून.

संध्याकाळी धाकटा हात धुऊन आला आणि पाटीपुढे उभा राहिला. मोठ्याने वाचायची त्याला सवय होती.

"'राखीव फाइल रिकामी आहे, अडचणीत पुसावी.' रिकामी? अरेच्चा. 'कार्ड काढण्याआधी पेटी बंद करावी.' घ्या. 'पेटीवर शाल घालू नये.'" तो हसला. "शाल? पेटीवर शाल कोण..."

पुढचं हसू आलं नाही. त्याने पाटावर पेंगणाऱ्या आईकडे बघितलं, तिच्या खांद्यावर परत आलेल्या शालीकडे बघितलं, मग बोटं मोडत मनातल्या मनात कसली तरी मोजणी केली. थंडी. खेप. जेवणाचं ताट. धाकटी भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही.

 मग त्याने कपाटातून बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला, खिशात घातला, चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला. खिडकीतून धाकटीला दिसलं: तो काचेच्या दारात उभा राहिला, खाकरला, आणि दोन वर्षांनी भावाशी पहिलं वाक्य बोलला.

"दादा, बारका स्क्रू-ड्रायव्हर आहे का रे तुझ्याकडे?"

थोरल्याने त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीकडे बघितलं.

"आहे," तो म्हणाला. "बस. शोधतो."

आणि शोधायला त्याने चांगला तासभर लावला.